रंग लागण्याआधी गाडी बघा

प्रति,
मा. परिवहन अधिकारी व मोटार वाहन निरीक्षक,
ठाणे आणि नवी मुंबई

विषय: जुन्या इंजिनांच्या मोटारसायकलींची एक तपासणी फ्रेमला रंग लागण्याआधी व्हावी

सविनय नमस्कार.

वागळे इस्टेट, कळवा, रबाळे आणि तुर्भे इथल्या गाळ्यांमध्ये जुनी इंजिनं उघडून, मापात आणून, त्यांवर पुन्हा मोटारसायकल उभी करणारे आम्ही कारागीर हे पत्र लिहीत आहोत. आमच्याकडे कास्ट आयर्न सिलिंडरची बुलेट येते, जावा-येझदी येते, राजदूत येते. अधूनमधून दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराकडून विकली गेलेली एखादी बीएसए एम२० किंवा नॉर्टन १६एचही येते. ही गाडी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तुमच्यासमोर येते तेव्हा ती पूर्ण सजलेली असते. तुम्ही चेसिस नंबरचा पेन्सिलने प्रिंट घेता, दिवे, हॉर्न आणि ब्रेक बघता, कागद तपासता. पण चालवणाऱ्याचा जीव ज्या जोडांवर असतो ते जोड तोवर पावडर कोटिंगखाली गेलेले असतात. पुट्टी भरून घासलेला कच्चा वेल्ड आणि मुळापर्यंत उतरलेला पक्का वेल्ड रंगानंतर सारखेच दिसतात. तिथे अनुभवी निरीक्षकाचाही इलाज चालत नाही.

म्हणून फ्रेम उघडी असताना आणि इंजिन बाहेर असताना एक तपासणी करा, आणि तिची नोंद गाडीच्या कागदांना जोडा. आमचं मागणं एवढंच आहे.

काय मागत नाही, तेही आधीच सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आम्हाला माहीत आहे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी रचना चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. कलम १८२ए नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नवीन पाइप वाकवून फ्रेम घडवायची, त्यात जुनं इंजिन टाकायचं आणि रस्त्यावर न्यायची, हा मार्ग एकट्या-दुकट्या माणसासाठी कायद्यात नाही. प्रदर्शनासाठी किंवा खासगी आवारात चालवण्यासाठी अशी गाडी हवी असेल तर ती वेगळी गोष्ट. गिऱ्हाइकाला हे काम हातात घेण्याआधी सांगितलंच पाहिजे, आणि जो कारागीर सांगत नाही तो त्याला फसवतो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

१५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी तिच्यात बसते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत आणि पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. नियम चांगला आहे, पण तो गाडी जशीच्या तशी जपणाऱ्यांसाठी आहे. चेसिसमध्ये किंवा इंजिनात मोठा बदल झालेली गाडी त्यात येत नाही. शिवाय रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती अशा कारणांपलीकडे ती रोज चालवता येत नाही. आमच्याकडच्या बहुतेक गाड्या या दोन टोकांच्या मधल्या आहेत. मूळ फ्रेम, मूळ इंजिन, चालू आरसी, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मालकाला सीट वेगळी हवी, हँडल खाली हवं, मडगार्ड आखूड हवं. आमचा नियम असा की जे काही लावायचं ते मूळ फ्रेमला करवत न लावता बोल्टने बसलं पाहिजे आणि बोल्ट काढले की निघालं पाहिजे. रंग बदलला तर आरसीत तशी नोंद. यातलं नेमकं काय मान्य आणि काय अमान्य, याची मराठीतली यादी दोन्ही कार्यालयांनी दर्शनी भागात लावली तर निम्मे वाद तिथेच मिटतील.

आता उघड्या फ्रेमवर काय दिसतं ते सांगतो.

जुन्या ब्रिटिश लष्करी गाड्यांच्या फ्रेममध्ये नळ्या ओतीव सॉकेटमध्ये घालून पितळाने ब्रेझ केलेल्या, म्हणजे वितळलेलं पितळ भरून सांधलेल्या असतात. असा जोड सैल झाला की नाक्यावरचा वेल्डर त्याच्यावरून आर्क वेल्डिंगचा रॉड फिरवतो. तिथेच घात होतो. वितळलेलं पितळ तापलेल्या पोलादाच्या कणांमध्ये शिरतं आणि पोलाद आतून चिरतं. वरून वेल्ड भरभक्कम दिसतो, भेग मात्र त्याच्या काठाला लागून नळीत जाते. असा जोड पुन्हा ब्रेझच करावा लागतो, किंवा पितळ पूर्ण काढून, नळी बदलून नव्याने बांधावा लागतो. काठावर पिवळसर झाक आणि तिच्यावर राखाडी वेल्डचे ओघळ दिसले की तो जोड नापास करा. रंगाखाली ही झाक कधीच दिसणार नाही.

बुलेटची गोष्ट निराळी. तिच्या फ्रेमला इंजिनाखालून जाणारी नळी नसते. पुढची नळी खाली येऊन इंजिनाला बोल्टने मिळते आणि मागचा भाग इंजिन-गिअरबॉक्सच्या प्लेटांना. म्हणजे क्रँककेस, इंजिनाचा खालचा डबा, हाच फ्रेमचा एक भाग आहे. भोक झिजून मोठं झालं आणि त्यात जुनाच बोल्ट आवळला की तो प्रत्येक धक्क्याला हलतो, आणि शेवटी क्रँककेसचा अॅल्युमिनियमचा कान तुटतो. भोक रीमर या कापत्या हत्याराने साफ करून त्याला जुळणारा बोल्ट लेथवर काढून घ्यावा. बोल्ट हाताने ढकलून जेमतेम आत गेला पाहिजे. लटलटता कामा नये. या इंजिनांवर इंग्रजी मापाचे आटे बरेच आहेत, आणि त्यात मेट्रिक बोल्ट जोर लावून घातला की दोन-तीन आटे धरतात, बाकीचे कापले जातात. निरीक्षकाने माउंटिंगचा एखादा बोल्ट काढायला सांगावा. आट्यांमध्ये अॅल्युमिनियमचा चुरा अडकलेला दिसला तर पुढचं काही बघायची गरज नाही.

भेग शोधायला डाय पेनिट्रंट, म्हणजे भेगेत शिरणारा रंग, वापरा. रबाळे-महापेच्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे हे तीन डबे कायम असतात. आधी जागा साफ करायची, मग लाल रंग फवारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग क्लीनर फडक्यावर घेऊन वरचा लाल पुसायचा. क्लीनर थेट जोडावर मारला तर भेगेतला रंगही धुतला जातो आणि फ्रेम फुकट पास होते. शेवटी पांढरा डेव्हलपर मारला की भेग असेल तिथे लाल रेघ उमटते. यात एक खाच आहे. फ्रेम आधी सँडब्लास्ट केली असेल तर वाळूच्या माऱ्याने पृष्ठभाग ठोकला जाऊन बारीक भेगेचं तोंड बंद होतं आणि पेनिट्रंट आत जातच नाही. म्हणून स्टिअरिंग हेड (हँडलचा दांडा बसतो ती नळी), स्विंग आर्मचा पिव्होट (मागच्या चाकाचा हात फिरतो तो सांधा) आणि शॉकअॅब्जॉर्बरचे वरचे कान या जागांचा रंग पेंट रिमूव्हरने काढावा, पेनिट्रंट करावं आणि मगच ब्लास्टिंगला पाठवावं.

आपल्याकडे खाडीची खारी हवा आहे आणि चार महिने पाऊस. नळ्या आतून गंजतात. लहान हातोडीने नळीभर टकटक करत गेलं की निरोगी पत्रा खणखणीत वाजतो आणि खाल्लेला पत्रा बद्द बोलतो. सर्वात आधी खालची वळणं जातात, कारण पाणी तिथे साचतं. अशा जागी वरून पट्टी मारण्यात अर्थ नाही. तेवढा तुकडा कापून, आत घट्ट बसणारी नळी घालून, त्याच जाडीच्या सीमलेस नळीने जोडायला हवा. ही दुरुस्ती आहे, बदल नाही. पण रंग लागल्यावर दुरुस्ती आणि बदल यांत फरक करायला तुमच्या हातात पुरावा उरत नाही, आणि प्रामाणिक कारागिराच्याही.

फ्रेम सरळ आहे का, हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. दोन्ही चाकं बसवून मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी दोरी पुढे ताणायची. पुढच्या चाकापाशी दोन्हीकडची फट सारखी आली पाहिजे. फॉर्क लांब किंवा आखूड केला असेल तर ट्रेल मोजावा. स्टिअरिंगच्या मधल्या दांड्याच्या रेषेत एक पट्टी जमिनीला टेकवायची, अॅक्सलमधून ओळंबा सोडायचा आणि जमिनीवरच्या दोन खुणांमधलं अंतर मोजायचं. रस्त्यावरच्या गाडीला ते साधारण ९० ते ११० मिलिमीटर असतं. ते फार कमी झालं तर घोडबंदर रोडच्या उतारावर हँडल थरथरतं. फार वाढलं तर सिग्नलच्या गर्दीत गाडी वळत नाही. मागे रुंद टायर बसवायला स्प्रॉकेट बाहेर सरकवणारेही पुष्कळ आहेत. चेन एका रेषेत राहिली नाही की ती दाते कडेने खाते आणि तुटली तर मागचं चाक जाम करते. सरळ पट्टी मागच्या स्प्रॉकेटला टेकवा, पुढच्यापाशी एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको.

इंजिनाकडे येतो, कारण सर्वात मोठा कागदी घोळ तिथेच होतो.

बुलेटचा इंजिन नंबर क्रँककेसवर, सिलिंडर बसतो त्या कडेच्या खाली ठोकलेला असतो. अॅल्युमिनियम मऊ असल्याने बेफिकीर सँडब्लास्टिंगने तो पुसट होतो. मग कोणीतरी तो ठळक करायला पंच मारतो आणि निर्दोष गाडीवर छेडछाडीचा संशय येतो. वाळू क्रँककेसवर कधीच मारू नये. ती तेलाच्या वाटांमध्ये अडकते आणि नवं बेअरिंग काही दिवसांत खाते. पाण्यासोबतचं वेपर ब्लास्टिंग करावं आणि त्याआधी नंबरवर जाड रबराचा तुकडा चिकटवावा. निरीक्षकांसाठी खूण अशी की मूळ नंबराभोवतीचा पृष्ठभाग बाकीच्या भागासारखाच जुना दिसतो. तेवढीच जागा गुळगुळीत किंवा किंचित खोलगट असेल तर तिथे कानस फिरली आहे. क्रँककेसचे दोन अर्धे कारखान्यात जोडीने बोअर केलेले असतात. दोन वेगळ्या इंजिनांचे अर्धे एकत्र आणले की बेअरिंगांच्या रेषा जुळत नाहीत आणि क्रँक (इंजिनातला फिरता दांडा) हाताने फिरवताना जड लागतो. म्हणून फुटलेल्या केसचा एकच अर्धा बदलून ‘नंबर वाचवणं’ हा कागदाच्या आणि यंत्राच्या दोन्ही अंगांनी वाईट उपाय आहे.

मग उपाय काय? त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं दुसरं इंजिन, तुमच्या परवानगीने. कायद्यात ही वाट आहे, पण अर्जासोबत काय जोडायचं याचं उत्तर खिडकीगणिक बदलतं. जुन्या इंजिनाचा केस फुटल्याचे फोटो, नव्या इंजिनाची खरेदी पावती, ते ज्या गाडीतून निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद, आणि चोरीच्या नोंदीत ते इंजिन नाही असा पोलिसांचा दाखला. एवढी चार कागदांची यादी ठरवून द्या. कुर्ल्याच्या बाजारातून पावतीशिवाय येणाऱ्या इंजिनांची वाट आपोआप बंद होईल. आम्हालाही ती बंद झालेली हवी आहे.

इंजिन आतून कसं बांधलं हे तपासणं तुमचं काम नाही, पण त्याचा फ्रेमशी संबंध आहे म्हणून थोडं लिहितो. ३५० बुलेटचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ९०. एवढा लांब स्ट्रोक आणि एकच पिस्टन, त्यामुळे क्रँक जरा वाकडा बसला तरी सगळी गाडी हादरते. क्रँकपिन नवी बसवल्यावर क्रँक सेंटरवर धरून डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) लावावा. शाफ्टची दोन्ही टोकं ०.०५ मिलिमीटरच्या आत फिरली पाहिजेत. न आल्यास तांब्याच्या हातोडीने फ्लायव्हील ठोकून आणावीत. हे काम वेळखाऊ आहे आणि घाईत तेच वगळलं जातं. मग साठच्या वेगाला आरसे दिसेनासे होतात, टाकीचे कान चिरतात, नंबर प्लेट तुटून पडते. निरीक्षकाला यासाठी इंजिन उघडावं लागत नाही. गाडी स्टँडवर सुरू करून रेस थोडी वाढवायची आणि हात फ्रेमवर ठेवायचा. हादरे कमी-जास्त होत एका ठिकाणी शांत होत असतील तर ठीक. रेससोबत सतत वाढतच गेले तर क्रँक किंवा माउंटिंग चुकलं आहे.

चाकांबद्दल एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. ब्रेक ड्रम लेथवर गोल करून घेतात आणि मग त्यावर नवे स्पोक ओढून रिम बांधतात. बुलेटच्या चाकाला चाळीस स्पोक असतात. त्यांच्या ताणाने ड्रम पुन्हा किंचित लंबगोल होतो, ब्रेक दाबला की लिव्हर बोटाखाली धडधडते आणि लायनरचा अर्धाच भाग पकडतो. क्रम उलटा हवा: आधी चाक बांधून सरळ करायचं, मग रिमसकट लेथवर चढवून ड्रम फिरवायचा. एवढं मोठं चाक धरणारा लेथ वागळे इस्टेटमध्ये मिळतो, फक्त विचारावं लागतं. लायनरही ड्रमच्या गोलाईला घासून बसवावं. नव्या लायनरवर खडू फासून चाक फिरवलं की कुठे टेकतं ते कळतं. असा ड्रम बसवलेली जुनी गाडी घाईघाईत दुसऱ्या गाडीचा डिस्क फॉर्क चढवलेल्या गाडीपेक्षा जास्त विश्वासाने थांबते, कारण त्या फॉर्कचा दांडा, बेअरिंग आणि लांबी क्वचितच जुळते.

वायरिंगबाबत एकच आग्रह: बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज दिसला पाहिजे. सहा व्होल्टची गाडी बारावर नेताना तो सर्रास विसरतात, आणि टाकीखाली घासलेली वायर गाडी जाळते.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे. या गाड्यांच्या कार्बोरेटरचं जुनं रबर त्याने फुगतं, कॉर्क सुटतो, आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं. पॅकिंग आणि नळ्या नव्या रबराच्या हव्यात आणि मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र, एक-दोन नंबरांनी मोठा. जावा-येझदीसारख्या टू-स्ट्रोकमध्ये धोका जास्त आहे. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या टाकीत पाणी शिरलं की इथेनॉल पाण्यासोबत खाली बसतं आणि ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. पहिल्या किकनंतर पिस्टनला वंगणाशिवाय मिश्रण मिळतं आणि तो सिलिंडरमध्ये जाम होतो. महिनाभर उभी राहणारी टाकी रिकामी करूनच ठेवावी.

पीयूसीबाबतही स्पष्ट लिहितो. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ९००० पीपीएम आहे. नीट बांधलेलं इंजिन यात आरामात बसतं. सायलेन्सरचा जोड गळका असेल तर बाहेरची हवा शिरून आकडा खोटाच कमी येतो, म्हणून आधी जोडांवर हात फिरवून फुसफूस बघावी. आतली जाळी काढलेला सायलेन्सर लावून येणाऱ्यांवर दंड करा, आमचा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. त्यांच्यामुळे दर नाक्यावर प्रत्येक जुनी गाडी अडवली जाते.

शेवटचा मुद्दा नोंदींचा. जुन्या रजिस्टरमधल्या नोंदी संगणकात भरताना शून्याचा ‘ओ’ झाला, आठचा ‘बी’ झाला, एखादा आकडा गळला. आता उच्च सुरक्षा नंबर प्लेटसाठी अर्ज केला की इंजिन नंबर जुळत नाही म्हणून तो परत येतो आणि मालक महिनोन्महिने फिरतो. रंगाआधीच्या तपासणीत फ्रेम आणि क्रँककेस तुमच्यासमोर उघडेच असतील. तिथेच पेन्सिलने प्रिंट घ्या, फोटो काढा, आणि त्याच प्रिंटवरून संगणकातली नोंद दुरुस्त करून द्या. नंबर पुसट असेल तर तो पुन्हा पंच करायचा का, हेही त्याच वेळी तुमच्या देखरेखीत ठरेल.

यासाठी महिन्यातून एक ठरलेला दिवस पुरेसा आहे. तपासणी शुल्क तुम्ही ठरवाल ते मालक भरेल. फ्रेम, सुटं इंजिन आणि मूळ आरसी घेऊन आम्ही सांगाल तिथे येऊ; पेनिट्रंटचे डबे, दोरी, ओळंबा आणि डायल गेज आमचे. तपासलेल्या फ्रेमवर तुमची खूण कुठे ठोकायची तेवढं सांगा, म्हणजे कोटिंगला पाठवताना ती जागा आम्ही झाकून ठेवू.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील जुन्या मोटारसायकली बांधणारे कारागीर